फोटोग्राफरने फोटो कमी आणि चित्रं जास्त पाहावीत का? (सॉल लायटरच्या निमित्ताने)

शिसपेन्सिल

नवा कॅमेरा घेतलेल्या माणसाला हल्ली सगळीकडे एकच सल्ला मिळतो: मोठ्या फोटोग्राफरांचं काम बघ, रोज बघ. मला हा सल्ला अपुरा वाटतो, आणि त्यातून होणारं नुकसानही दिसतं. ज्याने फक्त फोटो पाहिले आहेत तो फोटोंसारखेच फोटो काढतो. ओल्या रस्त्यावरचं निऑनचं प्रतिबिंब, पिवळ्या भिंतीपुढून जाणारा सायकलवाला, धुक्यातली होडी. सगळं नीटनेटकं आणि सगळं आधीच कुणीतरी काढून ठेवलेलं. नजर बदलायची तर चित्रांकडे, छापचित्रांकडे, कापडावरच्या नक्षीकडे, मासिकांच्या पानांकडे जावं लागतं, असं माझं ठाम मत आहे.

माझं उदाहरण अमेरिकन फोटोग्राफर सॉल लायटर. जन्म १९२३, पिट्सबर्ग. वडील ज्यू धर्मशास्त्राचे नावाजलेले अभ्यासक, मुलानेही धर्मगुरू व्हावं ही घरची अपेक्षा. १९४६ मध्ये तो ते शिक्षण अर्ध्यावर टाकून न्यूयॉर्कला आला तो चित्रकार व्हायला. तिथे रिचर्ड पुसेट-डार्ट या चित्रकाराच्या सहवासात कॅमेऱ्याची गोडी लागली. पण कुंचला त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. बोनार आणि व्हुइयार हे फ्रेंच चित्रकार आणि जपानी ठशांची छापचित्रं ही त्याची जन्माची आवड.

आता त्याचा १९५८ चा 'कॅनपी' हा फोटो पाहा. फ्रेमचा वरचा बहुतेक भाग नुसता काळा आहे, दुकानापुढच्या छताचा. खाली उरलेल्या पट्टीत बर्फाळ रस्ता आणि त्यावरचं माणूस. आपल्यापैकी कुणी हा फोटो टाकला असता तर पहिली प्रतिक्रिया आली असती, "वरचं क्रॉप करा." लायटरने ते छत ठेवलं, कारण पुढची वस्तू अर्धं चित्र झाकू शकते आणि त्यानेच मागचं जग खोल होतं, हे जपानी छापचित्रांनी शंभर वर्षं आधी करून दाखवलं होतं. जपानी छापचित्रकार हिरोशिगेचं १८५७ चं कामेइदोच्या बागेतलं प्लमचं झाड आठवा. जाडजूड फांदी चित्राच्या आरपार गेलेली, आणि बाग बघायला आलेली माणसं तिच्यामागे इवलीशी. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये याच चित्राची तैलरंगात नक्कल केली होती.

व्हुइयारच्या चित्रांत बाईच्या झग्याची नक्षी आणि भिंतीवरच्या कागदाची नक्षी एकमेकींत मिसळतात, माणूस खोलीत विरघळतो. लायटरच्या वाफ धरलेल्या काचांमागची माणसं तशीच विरघळतात. हे फोटोग्राफीच्या वर्गात शिकवत नाहीत. तिथे विषय पार्श्वभूमीपासून सुटा करायला शिकवतात.

तुम्हाला काय वाटतं?

डेडलाईन

पटलं नाही. मी दैनिकासाठी फोटो काढतो, तेव्हा मी बातमीच्या बाजूने बोलतोय हे आधीच सांगतो.

लायटरला कॅप्शन लिहायची नव्हती. छत्रीमागे चेहरा गेला तर त्याच्यासाठी ती कविता, माझ्यासाठी डेस्कवरून परत आलेला फोटो. माझ्या फोटोतल्या माणसाला नाव असतं, गाव असतं, त्याच्यावर काहीतरी गुदरलेलं असतं. पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या बाईच्या लुगड्याचा रंग मागच्या भिंतीशी कसा जुळतो हे ज्याला आधी दिसतं, त्याच्याबद्दल मला काळजी वाटते. सोबत आलेल्या शिकाऊ पोरांमध्ये हे मी पाहिलंय. फ्रेम सुंदर येते, पण बाई कोण, घरात किती पाणी शिरलं, काही म्हणजे काही विचारलेलं नसतं.

दुसरं, फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचं काय? त्याने १९२७-२८ मध्ये आंद्रे ल्होत या चित्रकाराकडे चित्रकलेचे धडे घेतले, हे तुमचे लोक नेहमी सांगतात. पण त्याला कॅमेऱ्याकडे खेचलं ते एका फोटोने. फोटोग्राफर मार्टिन मुंकाचीचा फोटो, लाटांत धावत शिरणारी तीन मुलं. ते त्याने स्वतः सांगितलं आहे. म्हणजे फोटोग्राफर घडला तो फोटो पाहूनच.

फिल्मवाले_काका

शिसपेन्सिल, लेख आवडला, पण तुम्ही बोनारला असं श्रेय देताय जे कोडॅकचं आहे.

तेव्हाच्या कोडाक्रोमचा, म्हणजे कोडॅकच्या रंगीत स्लाइड फिल्मचा, वेग होता १० एएसए. आकडा जितका लहान तितका फिल्मला उजेड जास्त लागतो. हल्लीच्या पिढीला याचा अंदाज येणार नाही. ढगाळ दिवशी, बर्फ पडताना, संध्याकाळी १० एएसएवर फोटो काढायचा म्हणजे ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, पूर्ण उघडावं लागतं. ॲपर्चर उघडलं की पुढचं-मागचं धूसर होणारच. त्यात लायटर अनेकदा लांब लेन्स वापरायचा. लांब लेन्सने खोली चपटी होते, मागचं पुढे येऊन चिकटतं. झालं तुमचं जपानी छापचित्र. आणि ते मऊ, उतरलेले रंग? पैसे कमी असायचे, म्हणून तो मुदत संपलेली फिल्म विकत घ्यायचा. अशा फिल्मचे रंग सरकतात.

मी स्लाइड फिल्मवर भरपूर काम केलंय. साहित्य हातात घेतलेल्या माणसाला जे लगेच कळतं त्याला समीक्षक प्रेरणा म्हणतात.

शिसपेन्सिल

काका, तुमचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात भारी आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

१० एएसएची कोडाक्रोम त्या काळात रंगीत काम करणाऱ्या सगळ्यांच्याच कॅमेऱ्यात होती. अमेरिकन मासिकांचे प्रवासी फोटोग्राफर तीच वापरत होते. त्यांनी काय केलं? भर उन्हात काम केलं, लाल शर्ट घातलेला माणूस मुद्दाम फ्रेममध्ये उभा केला, सगळं लख्ख आणि धारदार ठेवलं. फिल्मची तीच मर्यादा, उत्तर अगदी उलटं. लायटर मात्र बर्फ पडायला लागला की बाहेर पडायचा. फिल्मने त्याला धूसरपणा दिला हे खरं, पण तो धूसरपणा ठेवण्यासारखा आहे हे फिल्मने सांगितलं नाही. दुसऱ्या कुणी त्याच स्लाइड फेकून दिल्या असत्या. काय ठेवायचं हे ठरवणारी नजर बोनारकडे बघून तयार झाली होती.

लांब लेन्सचंही तेच. लेन्स चपटेपणा देते, पण त्या चपट्या जागेत काळ्या रंगाला किती क्षेत्रफळ द्यायचं हे देत नाही.

डेडलाईन, मुंकाचीचा फोटो खरा. पण त्या फोटोत ब्रेसाँला काय दिसलं असेल? तीन काळ्या आकृत्या, लाटेची पांढरी रेघ, आकृत्यांमधल्या सांदी. ल्होतकडे भूमिती गिरवलेल्या डोळ्याला ते दिसलं. आणि १९७० च्या दशकात त्याने कॅमेरा जवळजवळ खाली ठेवला तो पेन्सिल हातात घेऊन चित्रं काढण्यासाठीच.

अबोली

मी मांडणीचं काम करते, पुस्तकं आणि मासिकं. तुम्ही दोघंही चित्रकला विरुद्ध फोटोग्राफी करत बसलात आणि मधलं छापील पान विसरलात.

लायटरने १९५८ पासून 'हार्पर्स बझार'साठी फॅशनचं काम केलं. त्याआधी जवळजवळ पाव शतक त्या मासिकाची पानं अलेक्सी ब्रोडोविच मांडत होता. कोरी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे, ती पानाचा श्वास आहे, हे अमेरिकेतल्या फोटोग्राफरांच्या एका अख्ख्या पिढीने त्याच्याकडून घेतलं. अर्व्हिंग पेन त्याचा विद्यार्थी, रिचर्ड ॲव्हेडनही. लायटरला काम दिलं ते ब्रोडोविचच्या जागी आलेल्या हेन्री वुल्फने, तोही पानाचाच माणूस. उभी फ्रेम, वर मोठा सपाट रंग, विषय खाली कोपऱ्यात: अशा फोटोवर मथळा कुठे बसेल हे मला बघताक्षणी दिसतं. मी रोज तेच करते. त्यामुळे 'जपान, जपान' ऐकलं की मला वाटतं, जपान थोडं आणि मासिकाचं पान पुष्कळ.

माझ्या बाबतीत सांगायचं तर माझी नजर दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'च्या मुखपृष्ठांनी घडली. घरात जुने अंक होते. सपाट रंग, एक ठसठशीत आकार, आणि अक्षरांना हक्काची जागा. कॅमेरा हातात धरते तेव्हा अजूनही तेच शोधते.

शिसपेन्सिल

अबोली, दलालांचं एकदम मान्य. पण काळ जुळत नाही. बर्फातली पावलं आणि लाल छत्री हा लायटरचा वरून घेतलेला उभा फोटो १९५० च्या आसपासचा, म्हणजे 'बझार'च्या बराच आधीचा. मासिकाने त्याच्या सवयीला जागा दिली असं म्हणता येईल. सवय आधीची.

ग्रँटरोड

डेडलाईनना उत्तर द्यायला आलेय. बातमीचा फोटोग्राफर आणि कलेचं शिक्षण यांचं वैर आहे असं तुम्ही गृहीत धरलंत. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला कुठे शिकल्या? मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. कॅमेरा शिकवला त्यांचे पुढे पती झालेल्या माणेकशॉ व्यारावाला यांनी, पण डोळा जे. जे.चा. १९३० च्या दशकात त्यांनी जे. जे.मधल्या मैत्रिणींचे आणि मुंबईच्या रस्त्यांवरचे जे फोटो काढले ते पाहा: तिरपा उजेड, खालून घेतलेले कोन, मोकळ्या जागेचा धीट वापर. त्यानंतर १९४२ पासून दिल्लीत बातमीचंच काम केलं, साडी नेसून, जड स्पीड ग्राफिक कॅमेरा खांद्याला लावून. नेहरू कबूतर सोडताहेत तो फोटो घ्या. हात वर, पंख उघडे, बाकी आभाळ. कुणाचा चेहरा झाकला नाही, कॅप्शन अडली नाही, आणि तरी चित्र आहे.

दोन्ही जमतं. जमवायला शिक्षण लागतं.

डेडलाईन

होमाईबाईंबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. पण त्या फोटोत मला जे. जे. आधी दिसत नाही. दिसतं ते हे, की कबूतर सुटायच्या क्षणी त्या तिथे होत्या, योग्य अंतरावर होत्या आणि फोकस आधीच लावून तयार होत्या. त्या कॅमेऱ्यावर धडाधड फ्रेम्स मारता येत नव्हत्या. एक काढला की प्लेट बदला, बल्ब बदला. दिल्लीच्या समारंभांना वर्षानुवर्षं हजर राहून कोण कुठे उभं राहतं, कधी वळतं हे त्यांना पाठ झालं होतं. ती विद्या गॅलरीत मिळत नाही.

आणि शिक्षणाशिवाय जमत नाही म्हणाल तर ब्राझीलचा फोटोग्राफर सेबास्तिओ साल्गादो अर्थशास्त्र शिकलेला माणूस. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत नोकरी करायचा. त्याच्या फ्रेम्स कुठल्या चित्रकारापेक्षा कमी आहेत?

फिल्मवाले_काका

साल्गादोचं नाव तुम्ही काढलंत, डेडलाईन, पण तो तुमच्याच पहिल्या मुद्द्यावर उलटतो. दुःख फार देखणं करून दाखवतो, ही त्याच्यावरची सगळ्यात जुनी टीका. कलेचं शिक्षण न घेताही माणूस त्या आरोपात सापडतो. म्हणजे पुरातल्या बाईबद्दलची तुमची काळजी रास्त, पण तिचं खापर चित्रकलेवर फोडू नका.

आणि शिसपेन्सिल, तुम्हालाही एक. ज्या बोनार-व्हुइयारचं एवढं चाललंय, त्या दोघांकडे १८९० च्या दशकात कोडॅकचे हातातले कॅमेरे होते. घरच्यांचे, मित्रांचे भरपूर फोटो काढायचे. कडेला अर्धी कापलेली माणसं त्यांच्या चित्रांत आहेत आणि त्यांच्या फोटोंतही. मग कुणी कुणाकडून घेतलं?

शिसपेन्सिल

काका, १८९० मध्ये पॅरिसच्या एकोल दे बोझारमध्ये जपानी छापचित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. बोनार त्याने इतका झपाटला की मित्रांनी त्याला जपानवेडा असं टोपणनावच दिलं. कापलेल्या कडा तिथून आल्या, पुढे कॅमेऱ्यात रमल्या. पण मला तुमच्या माहितीचा आनंदच झाला. चित्रकार कॅमेरा लपवत नव्हते. मग फोटोग्राफरने चित्रं का टाळावीत?

मांडणा

बडोद्याहून लिहितेय. मराठी घर, पण शिक्षण इथल्या फाइन आर्ट्सचं. तुमच्या चर्चेत एक शक्यता कुणी घेतलीच नाही: कलेवरचं प्रेम फोटो कसा काढायचा यात न उतरता, कशाचा काढायचा यात उतरू शकतं.

ज्योती भट्ट चित्रकार आणि मुद्राचित्रकार. १९६० च्या दशकाच्या शेवटी कॅमेरा घेऊन गुजरातच्या खेड्यांत जाऊ लागले, पुढे राजस्थान आणि इतरत्र. भिंतीवरची चित्रं, रांगोळ्या, मांडणे (राजस्थानातली जमिनीवरची-भिंतीवरची नक्षी), गोंदणं. हे सगळं पुसलं जाणार हे त्यांना दिसत होतं. सण संपला की भिंत पुन्हा सारवतात. त्या फोटोंत त्यांनी आपली चित्रकारी मिरवली नाही. भिंत सरळ समोरून, नक्षी वाचता येईल अशी, आणि जमेल तिथे ती काढणारी बाई, तिचं दार, तिची मुलं, तिची भांडी फ्रेममध्ये. चित्र कुणाचं आणि कुठल्या घरातलं हे कळावं म्हणून. डेडलाईन, नाव-गाव असलेली माणसं तुम्हाला हवीत ना? ती इथे आहेत, आणि काढणारा पक्का चित्रकार आहे. काय पुढे ठेवायचं आणि आपण कुठे मागे सरायचं हे त्याला चित्रकार असल्यामुळेच कळलं, असं मला वाटतं.

डेडलाईन

मांडणा, तुमचं उदाहरण माझ्या मनाला सगळ्यात जवळचं वाटलं. ज्योती भट्टांच्या फोटोंसमोर मी केव्हाही उभा राहीन. पण ते लायटरच्या विरुद्ध टोक आहे. लायटरचं न्यूयॉर्क म्हणजे छत्र्या, टोप्या, पाठी, काचांमागचे आकार. चाळीस-पन्नास फोटो पाहा, एक माणूस ओळखता येत नाही. नव्या मुलांना तो आवडतो याचं एक कारण मला हे दिसतं की त्यात कुणाशी बोलावं लागत नाही. लांबून, लांब लेन्सने, काचेआडून काढा. सोपं जातं.

शिसपेन्सिल

सोपं? तो १९५२ पासून ईस्ट टेन्थ स्ट्रीटच्या घरात राहिला आणि आयुष्यभर घराच्या आसपासचे तेच रस्ते काढत राहिला. रंगीत प्रिंट करायला पैसे नव्हते, म्हणून स्लाइड खोक्यांत ठेवून दिल्या आणि मित्रांना भिंतीवर दाखवल्या. त्यांचं पुस्तक निघालं २००६ मध्ये, तो ऐंशीच्या पुढे गेल्यावर.

आणि चेहऱ्यांचं म्हणाल तर तुम्ही त्याचं फक्त रंगीत काम पाहिलेलं दिसतंय. काळ्यापांढऱ्यात त्याने जवळच्या माणसांचे असंख्य फोटो काढले, घरातल्या घरात, हातभर अंतरावरून. सोम्स बँट्री, त्याची सोबतीण, स्वतः चित्रकार, ती कितीतरी फोटोंत आहे. खोलीतल्या त्या फोटोंचं वेगळं पुस्तक तो गेल्यावर २०१८ मध्ये आलं. ते आधी पाहा आणि मग सांगा की हा माणूस माणसांपासून लांब पळत होता.

डेडलाईन

ते पुस्तक मी पाहिलेलं नाही. पाहतो. पुरातल्या बाईचा मुद्दा मात्र तसाच उभा आहे, आणि त्याचं उत्तर मला तुमच्याकडून हवंय, काकांकडून नको.