विल्डबीस्ट गेले म्हणून सिंह जातात?

आमोद_पुणे: काल इथे एकाने बेधडक लिहिलंय, "ऑगस्टमध्ये सेरेंगेटीला जाऊन पैसे पाण्यात घालू नका. विल्डबीस्ट मारात जातात, मागोमाग सिंहही जातात. सिंह बघायचे तर केनियाच." त्यावर लोक बुकिंग बदलायला निघालेत, म्हणून सविस्तर लिहितोय. नवख्यांसाठी: सेरेंगेटी टांझानियात, मारा त्याला लागून केनियात; विल्डबीस्ट म्हणजे तिथले कळपाने फिरणारे, हरणांच्या गटातले मोठे चरणारे प्राणी.

सिंहांचा कळप असा कुणाच्या मागे गाव सोडून जात नाही. त्याची हद्द असते आणि ती आईकडून लेकींकडे चालत येते. हद्द मोकळी सोडली की शेजारचा कळप घुसलाच. शिवाय निघायचं म्हटलं तर वाटेत प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्यांची हद्द. परक्या नरांच्या तावडीत सापडलेले छावे सहसा वाचत नाहीत. मग सिंहिणी छाव्यांना घेऊन एवढं अंतर कशाला तुडवतील? तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट येतात, काही आठवडे चंगळ होते, ते निघून जातात. उरलेल्या दिवसांत वॉर्टहॉग (तिथलं रानडुक्कर), हार्टबीस्ट (हरणांच्या गटातलाच प्राणी), रानम्हशी यांवर भागवायचं. सिंहांचे अभ्यासक जॉर्ज शॅलर यांनी १९६६ पासून तीन वर्षं सेरेंगेटीत राहून हे नोंदवलं, क्रेग पॅकर यांनी १९७८ पासून ते काम पुढे नेलं.

मी सप्टेंबरात सेरेंगेटीच्या मध्यावर, सेरोनेरा नदीकाठी होतो. एक सिंहीण वॉर्टहॉगचं बीळ उकरत होती. खांद्यापर्यंत आत, मागे माती उडतेय, शेजारी छावे बसलेले, बरगड्या दिसत होत्या त्यांच्या. उपाशी होते, पण जागा सोडली नव्हती.

रानवाट: शॅलर यांचं नाव घेताय तर पूर्ण घ्या. भटके सिंह ही वेगळी नोंद त्यांनीच केली. त्यांना हद्द नसते, ते जनावरांमागेच फिरतात. आणि दक्षिणेच्या उघड्या मैदानावरचे कळपसुद्धा कोरड्या दिवसांत हद्द ताणून लांबवर जातात. "जात नाही" असं ठोकून द्यायला सेरेंगेटी म्हणजे फक्त सेरोनेरा नाही.

आमोद_पुणे: भटक्यांत मोठा भरणा घरातून हाकललेल्या तरुण नरांचा. मी कळपांबद्दल लिहिलंय, पुन्हा वाचा. हद्द ताणणं वेगळं आणि मारापर्यंत जाणं वेगळं.

मृण्मयी_अरुशा: तुम्ही दोघं सेरेंगेटीतच अडकलात. टांझानियातलंच तरंगिरे उद्यान माझ्या घरापासून काही तासांवर आहे. तिथे कोरड्या दिवसांत सगळी जनावरं नदीवर गोळा होतात आणि पाऊस पडला की विल्डबीस्ट, झेब्रा उद्यानाबाहेर सिमंजिरोच्या मैदानात व्यायला जातात. सिंहही मागे जातात. बाहेर मसाई गुराख्यांची गुरं. काट्यांचं कुंपण तोडून एका रात्रीत गाय गेली की दुसऱ्या दिवशी भाले निघतात. आता बऱ्याच बोम्यांना (गुरांच्या वाड्यांना) जाळीचं कुंपण केलंय, खांब म्हणून गुग्गुळाच्या कुळातली झाडं लावतात. ती मुळं धरतात, वाळवी लागायचा प्रश्न नाही. "सिंह हलत नाहीत" हे त्या बायाबापड्यांना सांगून बघा.

आमोद_पुणे: तरंगिरेचं मान्य. मूळ पोस्ट मात्र तिथली नव्हती.

सुनील_नागपूर: ऋतूवरून काय भांडताय? सिंह हलतात ते गाड्यांमुळे. मारात आमच्या ड्रायव्हरला रेडिओवर निरोप आला आणि पंधरा मिनिटांत वीसेक गाड्या एका झुडपाभोवती. आत सिंहीण आणि दोन छावे. तिला बाहेर पडायला फट नव्हती. ताडोब्यात हेच बघून मी जायचं बंद केलं, मारात पैसे खर्चून पुन्हा तेच.

वैशाली_ठाणे: दरवेळी गाड्यांचं रडगाणं! आईवडिलांना आयुष्यात एकदाच नेता आलं. गुडघे दुखत असताना आई दिवसभर गाडीत बसली. समोर सिंह आल्यावर ड्रायव्हरला "मागे घे" म्हणायचं का?

सुनील_नागपूर: हो, म्हणायचं. मारात एका प्राण्यापाशी पाचच गाड्या हा नियम आहे. २०१८ साली तिथल्या चित्त्यांवरचा अभ्यास आला. पर्यटकांची गर्दी असलेल्या भागात मादीमागे मोठी झालेली पिल्लं सरासरी ०.२, गर्दी कमी तिथे २.३. तुमच्या आईंबद्दल आदर आहे, पण त्या सिंहिणीलाही पोरं होती.

वैशाली_ठाणे: माझ्या आईला यात ओढू नका.

रानवाट: ओढलं तुम्हीच. आणि सुनीलराव, चित्ता दिवसा शिकार करतो, सिंह मुख्यतः रात्री. एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका.

सुनील_नागपूर: बरं, सिंहाला नाही लावत. पण छावे दिवसाही पाण्यावर जातात, त्यांच्या वाटेवर गाडी असली तर?

मृण्मयी_अरुशा: सगळा दोष ड्रायव्हरवर नको. इथे त्यांचं घर टिपवर चालतं. "सिंह जवळून दाखव" हा तगादा मागच्या सीटवरून येतो, आणि बऱ्याचदा मराठीत. मी पुढच्या सीटवर बसून ऐकलाय.

किरण_सातारा: कुणी सांगेल का? ऑगस्टचं सेरेंगेटी ठेवू की बदलू?

आमोद_पुणे: ठेवा. दक्षिणेला न्दुतूत मुक्काम नको, तेव्हा तिथे धूळ असते. सिंहांसाठी सेरोनेरा करा. विल्डबीस्ट नदी ओलांडताना बघायचे असतील तर उत्तरेला कोगातेंडेला जा, मारा नदी टांझानियातूनही वाहते.