मदत हवी आहे: छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज, 35 मिनिटांत कशी बसवावी?

बी.एड.च्या सराव पाठासाठी सहावीचा वर्ग आहे, पटावर 48 मुलं. 1/2 + 1/3 चं उत्तर बरीच मुलं 2/5 लिहितात, कारण वरचे वर आणि खालचे खाली मिळवतात. 2/5 तर 1/2 पेक्षाही लहान, हे त्यांना डोळ्यांनी दिसायला हवं. म्हणून प्रत्येक जोडीला 12 सेंमीची कागदी पट्टी द्यायची आहे: निम्मी 6 सेंमी, तिसरा भाग 4, सहावा 2. दोन्ही भाग शेजारी ठेवले की 10 सेंमी, म्हणजे 5/6.

अडचण घडीची आहे. दोन भाग सरळ पडतात, तीन भाग करताना घडी हमखास वाकडी जाते आणि उत्तरच चुकतं. खुणा आधीच करून दिल्या, तर समच्छेद का करायचा हा विचार मुलांकडून निसटतो. शिवाय फळ्याकडे वळलं की मागच्या बाकांवर गोंगाट सुरू होतो.

प्रस्तावना 5, पट्टीकाम 15, फलकलेखन 5, सराव 10 मिनिटं, अशी विभागणी टाचणात आहे. पट्ट्या वाटण्यातच वेळ जाऊ नये म्हणून तुम्ही काय करता? खुणा कुणाकडून करून घ्याव्यात? अनुभवी शिक्षकांनी कृपया सविस्तर सांगावं.