मदत हवी आहे: पुतण्याला ठिबकच्या उदाहरणाने रक्तवाहिन्या शिकवल्या, पण एका जागी अडलो

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यात केळी करतो. पुतण्या आठवीत आहे. त्याच्या डोक्यात चुकीचं काही बसू नये म्हणून विचारतोय.

आधी नावांचाच घोळ होता. कुठे रोहिणी-नीला, कुठे धमनी-शिरा, आणि घरात सगळ्यांनाच नस. तो मिटला: रोहिणी म्हणजेच धमनी, नीला म्हणजेच शीर. मग म्हणाला, "काका, रक्तच न्यायचं तर तीन प्रकारच्या नळ्या कशाला?" त्याला बागेत नेलं. मोटारीजवळचा मेन पाइप जाड, कारण दाब तिथे जास्त. तशी धमनी: भिंत जाड, स्नायूंची, लवचिक. ठोका पडला की ताणते, पुन्हा आवळते. पुढे सबमेन, लॅटरल, शेवटी ड्रिपर. ड्रिपर म्हणजे केशवाहिनी. तिची भिंत पेशींच्या एकाच थराची, म्हणून ऑक्सिजन बाहेर जाऊ शकतो.

रक्त हृदयाकडे परत आणणाऱ्या शिरांना मात्र ठिबकमध्ये जोड नाही, मुळाशी गेलेलं पाणी विहिरीत परत येत नाही. विल्यम हार्वेने १६२८ साली छापलेला प्रयोग वाचला होता, तो बापूंच्या हातावर केला. शेतात राबलेला हात, शिरा दोरीसारख्या. दंडाला रुमाल बांधल्यावर त्या आणखी फुगल्या आणि मध्ये मध्ये बारीक गाठी दिसायला लागल्या. एका बोटाने शीर दाबून धरली, दुसऱ्याने रक्त कोपराकडे गाठीच्या पुढे सारलं. मधला तुकडा सपाट झाला तो तसाच राहिला. वरचं रक्त गाठ ओलांडून खाली येईना. खालचं बोट उचललं तर लगेच भरला. गाठ म्हणजे झडप, पाइपातलं पाणी उलटं विहिरीत जाऊ न देणारा आपला फुट व्हॉल्व्हच. पोरगं बघतच राहिलं. शेवटी बापू म्हणाले, "आते सोड रे भो."

अडलो ते इथे. नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी जोरात उडतं. मग केसाहून बारीक केशवाहिनीत रक्त धमनीपेक्षा संथ कसं?

प्रतिसाद:
दादा, मी धुळ्याला लॅबमध्ये रक्त काढते. अंगठ्याचं उदाहरण एका नळीचं झालं. केशवाहिन्या अब्जावधी आहेत. सगळ्यांची तोंडं एकत्र धरली तर महाधमनीच्या तोंडाच्या शेकडो पट भरतात. रक्त तेवढंच, वाट रुंद, म्हणून वेग सेकंदाला जेमतेम मिलिमीटरभर उरतो. तापी हतनूरच्या फुगवट्यात पसरते तिथे कशी संथ होते, तसं. आणि संथच हवं, नाहीतर देवघेव व्हायला वेळ कुठला?

ड्रिपरमध्ये एक दुरुस्ती सांगा. रक्त नळीबाहेर पडत नाही. झिरपतं ते पाणी आणि त्यात विरघळलेले पदार्थ, आणि त्यातलं बरंचसं परत आत येतं. लाल पेशी ७-८ मायक्रोमीटरची, केशवाहिनी कधी कधी ५ चीच, तरी ती आकार बदलून आतूनच पुढे सरकते.

आम्ही रक्त शिरेतून घेतो कारण ती कातडीजवळ असते, भिंत पातळ, दाब कमी. मनगटाच्या धमनीतून घेताना ते ठोक्यासरशी आपोआप सिरिंजमध्ये चढतं, आणि नंतर निदान ५ मिनिटं दाबून धरावं लागतं. "शुद्ध रक्त ती धमनी" हे मात्र पाठ करू देऊ नका. फुप्फुसधमनीत ऑक्सिजन कमी असलेलंच रक्त असतं. हृदयापासून दूर नेते ती धमनी.

धागाकर्ता:
ताई, फार उपकार झाले. उद्याच त्याला सांगतो. एक राहिलं. बापू दिवसभर उभे राहिले की पोटरीच्या शिरा फुगतात. हातातल्या झडपा चांगल्या, मग पायातल्याच का बिघडाव्यात?

प्रतिसाद:
उभं असताना पायातल्या झडपांवर वरच्या सगळ्या रक्ताचा भार येतो. चालताना पोटरीचे स्नायू शीर पिळून रक्त वर ढकलतात, नुसतं उभं राहिलं की ते थांबतं. झडप सैल झाली की रक्त खाली साचतं. बापूंना डॉक्टरांकडे न्या. डॉपलर सोनोग्राफीत रक्त उलटं येतंय का ते दिसतं. तोवर बसल्यावर पाय उशीवर ठेवायला सांगा.