मदत हवी आहे: बोलण्याचं ॲप रोजच्या वापरात कसं आणायचं?

नमस्कार. आम्ही नाशिकला, इंदिरानगरात. मुलगा ४ वर्षांचा, ऑटिझम आहे, शब्द मोजकेच. थेरपिस्ट मॅडमनी आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' ॲप सुचवलं. चित्र दाबलं की मराठीत बोलतं. पठ्ठ्या 'पाणी' सारखं दाबतो, पण नुसता आवाज ऐकायला. खरी तहान लागली की माझा हात ओढत माठाकडे! तुम्ही मुलांना तिथून चित्रापर्यंत कसं आणलंत? मोबाइल दिसला की यूट्यूबच हवं, म्हणून ॲपसाठी जुना टॅब वेगळा ठेवू का? जागतिक आरोग्य संघटना या वयाला दिवसाला जास्तीत जास्त १ तास स्क्रीन सांगते. हे ॲप त्यात धरायचं? (मला तरी पटत नाही, ते त्याचं बोलणंच आहे.) सिडको, गंगापूर रोडकडचे कोणी पालक वापरत असतील तर प्लीज सांगा.