मदत हवी आहे: डागाळ पानांची छोटी पिवळी लिली, ओळखायची कशी आणि वाढवायची कशी?

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत राहतो, घरामागे मेपल आणि बीचची झाडं आहेत, पलीकडे छोटा ओढा. एप्रिलमध्ये झाडांना पालवी फुटायच्या आत तिथे पाचोळ्यातून एक लिली वर येते, जेमतेम वीतभर, गुळगुळीत हिरव्या पानांवर चॉकलेटी जांभळट डाग, फूल एकच, पिवळं, खाली मान घातलेलं, पाकळ्या मागे वळलेल्या. आभाळ आलं की मिटूनच बसतं. पानं म्हणाल तर शेकड्यांनी पण फुलं मात्र शोधावी लागतात, फूलवाल्या रोपाला दोन पानं आणि बाकी सगळ्यांना एकेकच, असं का? जूनपर्यंत सगळंच गायब. इथल्या एका नर्सरीवाल्याने फोटो बघून लेसर सेलंडाइन नावाचं तण आहे, उपटून टाका असं सांगितलं, पण मला काही पटत नाहीये. डेकमागे सावलीत थोडी न्यायची आहे, तिथले होस्टा (सावलीत वाढणारी शोभेची झाडं) हरणांनी संपवले. कंद खणू की बी धरू?

प्रतिसाद:
अहो उपटू नका!! ही ट्राउट लिली, एरिथ्रोनियम अमेरिकानम, तिथलीच मूळची. सेलंडाइन बाहेरून आलेलं तण, त्याची पानं बदामाच्या आकाराची, जमिनीलगत चटईसारखी पसरतात आणि फुलाला पाकळ्या आठ-दहा तरी असतात. तुमच्या फुलाला सहाच असणार, मोजून बघा.

एकपानी रोपं म्हणजे अजून वयात न आलेली, कंदात फुलापुरता साठा झाला की मगच दुसरं पान येतं. शिवाय कंद जमिनीतून धुमारे सोडून नवे कंद करत खोल खोल जातो, सगळी ताकद त्यातच जाते. म्हणून काही जण लावताना खाली सपाट दगड ठेवतात.

खणायचंच असेल तर पानं पिवळी पडायला लागल्यावर, ओल असताना, बाजूने लांबून खुरपी घाला कारण देठ पटकन तुटतो आणि मग कंद मातीत सापडत नाही. कांद्यासारखं जाड साल नसतं, लगेच सुकतो, तेव्हा काढला की तासाभरात चार-पाच इंच खोल लावून टाका. फक्त स्वतःच्या जागेतले हं, पार्कातले नाही.

बी धरायचं तर बोंड पिवळं पडून फुटायच्या बेताला आलं की काढा, वाळवू नका, ताजंच पेरा. आधी उन्हाळ्याची ऊब, मग हिवाळ्याची थंडी मिळाली की पुढच्या वसंतात दोऱ्यासारखं पान येतं. फुलाला मात्र चार ते सात वर्षं, तेवढा धीर हवा. उशीर केलात तर मुंग्या बी पळवतात, त्याला चिकटलेला तेलकट तुकडा त्यांना आवडतो, पण त्याच लांब नेऊन पेरतात तेव्हा थोडं त्यांच्यासाठी सोडा.

आणि तिथला पाचोळा लीफ ब्लोअरने उडवू नका. हरणं हिलाही खातात, पहिली दोन वर्षं जाळी लावाच.