जिप्सी टर्बो : घाटात सहाव्या सेकंदाला मिक्श्चर लीन होतंय. मीटर खोटं की पेट्रोल कमी?

आंबेवाला_देवगड

नमस्कार मंडळी. गाडी १९९७ ची जिप्सी किंग, १.३ लिटर, कार्बोरेटरवाली. टर्बो मी बसवलेला नाही, आधीच सांगतो, म्हणजे शिव्या योग्य माणसाला पडतील. आधीचा मालक रॅलीचा हौशी. त्याने कुठल्याशा छोट्या डिझेल गाडीचा टर्बो लावला, कार्बोरेटरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचं टोपडं चढवलं आणि दोन वर्षांत हौस फिटल्यावर गाडी माझ्या गळ्यात मारली. म्हणजे टर्बो हवा ढकलतो ती कार्बोरेटरमधून जाते. बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला जास्तीचा दाब, ६ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) वर जात नाही, वेस्टगेटची (जादा दाब होऊ न देणाऱ्या झडपेची) स्प्रिंगच तेवढी आहे. एसी पंप (इंजिनवर चालणारा मूळचा पेट्रोल पंप) काढून त्याने इलेक्ट्रिक पंप बसवलाय, त्याच्यावर ७ पीएसआय असं छापलंय. पुढे एक छोटा प्रेशर रेग्युलेटर आहे, तो ३.५ वर लावलेला.

मिक्श्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, मी इतके दिवस कानाने आणि नाकानेच बघायचो. गेल्या मे महिन्यात गॅस्केटसाठी हेड उघडलं तर तिसऱ्या पिस्टनच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी खाच. वितळलेली. फिटरने बोट फिरवून दाखवलं आणि काही बोललाच नाही. त्या दिवशी ठरवलं की आता मीटर.

वाइडबँड घेतलं, म्हणजे धुराच्या पाइपातल्या ऑक्सिजनवरून मिक्श्चर दाखवणारं मीटर. पहिला सेन्सर मीच मारला. तो टर्बोच्या खाली, अगदी तळाला बसवला होता. जुलैत कॉजवेवर पाणी होतं, गाडी नुकतीच तापलेली, पाणी उडालं आणि आतली सिरॅमिक तडकली. दुसरा नीट बसवला. उद्यमनगरात लेथवर अठरा बाय दीडच्या आट्यांचा बुश करून घेतला, टर्बोपासून दोन फुटांवर पाइपाच्या वरच्या अंगाला तिरका वेल्ड केला, म्हणजे गार इंजिन सुरू करताना पाइपात साचलेलं पाणी सेन्सरवर यायला नको.

आता आकडे, म्हणजे एका भाग पेट्रोलला हवेचे किती भाग ते. आकडा मोठा तर लीन (पेट्रोल कमी), लहान तर रिच (पेट्रोल जास्त). आयडलला १३.८. जामसंडे ते नांदगाव निवांत चालीत १४.५. बूस्ट आला की ११.८. इथपर्यंत सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं.

फोंडा घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून धरला की पहिले पाच सेकंद ११.८, सहाव्याला १३, सातव्याला १४ च्या वर. तिथे मी पाय काढतो, कारण ती खाच डोळ्यांसमोर येते. भाचा शेजारी बसून मोबाइलवर मीटरचं शूटिंग करतो, त्यामुळे हे सेकंद मनाचे नाहीत. सपाटीवर असं कधी होत नाही, पण सपाटीवर एवढा वेळ पाय दाबायला रस्ताच कुठे आहे?

फिटर म्हणाला जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) मोठा घाल. घातला, एकदा नव्हे दोनदा. आता सुरुवातीला ११.२ येतं, मागे काळा धूर निघतो, आणि लीन व्हायचं ते पाचव्याच सेकंदाला होतं! भाचा म्हणतो मीटर फेकून दे.

आणखी एक. पंपावर आता सगळीकडे ई-२०, वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. त्याचा बरोबरीचा आकडा (हवा आणि पेट्रोल दोन्ही पुरती जळतात तो) साध्या पेट्रोलसारखा १४.७ नसून १३.५ च्या आसपास असतो म्हणे. मग मी मीटरवर १३.५ धरून चालू का? की माझं ११.८ सुद्धा मुळात चूक?

जुनो_फिटर

मीटर कितीय लाव रे, पण प्लग काढून बघलंस काय? चाळीस वर्सां मी प्लगाचो रंग बघून जेट बदललंय. विटकरी झालो तर बरो, पांढरो झालो तर पिस्टन गेलो म्हणून समज. प्लग खोटां बोलत नाय. तुझा ह्या मीटर वायर कुजली काय कायव सांगतला. आणि आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात वायर कुजाक किती दिस लागतत?

करवीर_कार्ब

काकांचा मान ठेवून सांगतो, शिसं नसलेल्या पेट्रोलवर प्लगचा रंग पूर्वीसारखा उमटत नाही, आणि ई-२० वर तर आणखी फिका. शिवाय प्लग सांगणार शेवटच्या अर्ध्या तासाची सरासरी. याला हवाय सहावा सेकंद. तो प्लगवर बघायचा तर पूर्ण जोरात असताना इंजिन बंद करून तसंच घरंगळत थांबायला हवं. घाटात हे करू नका, हात जोडून सांगतो. किल्ली एक घर जास्त फिरली तर स्टिअरिंग लॉक, आणि ब्रेकला व्हॅक्यूमची मदत उरते ती दोन-तीन दाबांपुरती.

आता ई-२० चं. इथे निम्मी जनता फसते. सेन्सरला पेट्रोल कुठलं ते कळत नाही, त्याला फक्त ऑक्सिजन कळतो. तो मोजतो लॅम्डा, म्हणजे लागते त्याच्या किती पट हवा आहे ते; १ म्हणजे बरोबर, त्याखाली रिच. मीटर त्या लॅम्डाला १४.७ ने गुणून तुम्हाला आकडा दाखवतं, बस. ई-२० वर मिक्श्चर अगदी बरोबर असलं तरी मीटर १४.७ च दाखवणार. तुमचं ११.८ म्हणजे लॅम्डा ०.८०, ६ पीएसआयला चांगलं. तुम्ही ई-२० चा विचार करून मीटरवर १३.५ ला 'बरोबर' धरलंत तर निवांत चालीतही विनाकारण आठ-नऊ टक्के जास्त पेट्रोल ओताल. मीटरला लॅम्डा दाखवायची सोय असेल तर तेच लावा, डोक्याचा ताप जाईल.

ई-२० चा फरक पडतो तो जुन्या सेटिंगवर. साध्या पेट्रोलवर नीट लावलेला कार्बोरेटर ई-२० वर आपोआप सात-आठ टक्के लीन होतो. पण तुमचे आकडे आजच्या पेट्रोलवरचे आहेत, त्यांत तो फरक आलेलाच आहे. रबर मात्र तपासा. जुन्या नळ्या आणि डायफ्राम या पेट्रोलने आधी फुगतात, मग कडक होतात.

मीटर खोटं लीन दाखवतं ते दोन कारणांनी. सेन्सरच्या आधी कुठे सांधा गळत असेल तर बाहेरची हवा आत येते. किंवा मिसफायर : न जळलेल्या पेट्रोलबरोबर न जळलेला ऑक्सिजनही बाहेर येतो, सेन्सर म्हणतो लीन, आणि प्रत्यक्षात प्लग ओला चिंब. सहाव्या सेकंदाला गाडी धक्के देते का?

बाकी कुणी तुम्हाला एक-वायरचा साधा सेन्सर आणि दहा दिव्यांचं स्वस्त मीटर सुचवायच्या आत सांगतो, तो ०.४५ व्होल्टच्या आजूबाजूला 'रिच' की 'लीन' एवढंच ओरडतो. बूस्टमध्ये ११ आणि १३ दोन्हीला त्याचे सगळे दिवे हिरवे. पिस्टन वितळेपर्यंत हिरवे.

आंबेवाला_देवगड

धक्के नाहीत. आवाज बदलतो, गाडी पोकळ वाटते. ओढतेय, पण जीव नसल्यासारखी.

बोटीवरचा_चीफ

मी रत्नागिरीचा, जन्म बोटीच्या इंजिनरूममध्ये गेला, आता घरी. कार्बोरेटर आणि टर्बो यांचं लग्न जुनंच आहे. अमेरिकेत १९६२ सालीच ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवर्ले कॉर्व्हेअर अशा आल्या, पण त्यांत टर्बो कार्बोरेटरमधून हवा ओढायचा. तुमच्यासारखी ढकलणारी रचना म्हणजे रेनॉ ५ जीटी टर्बो. १९८५ ते १९९१, १३९७ सीसीचं जुनं पुशरॉड इंजिन, सोलेक्स कार्बोरेटर, गॅरेटचा टी-२. बंदरात गाठ पडलेल्या एका फ्रेंच सेकंड इंजिनिअरकडे ती होती आणि तिच्याबद्दल तो बायकोपेक्षा जास्त बोलायचा. त्याच्याकडून शिकलेली एक गोष्ट सांगतो.

तुम्ही उत्तर स्वतःच लिहून ठेवलंय. मोठा जेट घातल्यावर लीन व्हायचं सहाव्यावरून पाचव्या सेकंदावर आलं. जेट लहान म्हणून लीन होत असतं तर मोठ्या जेटने सुधारलं असतं. तुमच्याकडे टाकी रिकामी होतेय, आणि तुम्ही नळ मोठा केलात.

हिशेब करा. टर्बो लावलेलं पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात दर अश्वशक्तीमागे तासाला पाव किलोच्या थोडं वर पेट्रोल पितं. तुमची ८० अश्वशक्ती धरली तर सेकंदाला सहा ग्रॅम, म्हणजे आठ मिली. फ्लोटच्या वाटीत (कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) कामाचं पेट्रोल असतं चाळीस-पन्नास मिली. भागाकार करा. सहा सेकंद!

म्हणजे बूस्ट असताना वाटीत नवं पेट्रोल जवळजवळ येतच नाही. का येत नाही? टोपड्याखाली सगळा कार्बोरेटर ६ पीएसआयच्या दाबात आहे, वाटीसुद्धा. वाटीचं श्वासाचं भोक टोपड्याच्या आतच उघडतं, तसंच उघडायला हवं. मग ३.५ च्या दाबाने आलेलं पेट्रोल ६ च्या दाबाच्या वाटीत शिरणार कसं? पेट्रोलचा दाब बूस्टबरोबर तेवढ्यास तेवढा चढायला हवा : ३.५ अधिक ६, साडेनऊ. त्यासाठी रेग्युलेटरच्या डोक्यावर एक बारीक निपल असतं, त्यातून टोपड्याला नळी जाते. ती आहे का? असली तरी धड आहे का? आणि ७ चा पंप साडेनऊ देणार कुठून?

अंदाजावर पंप विकत घेऊ नका. रेग्युलेटरनंतर लाइनमध्ये टी टाका, साधं प्रेशर मीटर लावा आणि ते वायपरखाली काचेला बाहेरून बांधा. केबिनमध्ये पेट्रोलची नळी आणायची नाही. चार फुटांसाठीसुद्धा नाही. बोटीवर आगी बघितलेला माणूस सांगतोय. सगळ्या जोडांना क्लिप, आणि गाडीत अग्निशामक. बूस्टचा आकडा आणि पेट्रोलचा आकडा यांतला फरक भाच्याला वाचायला सांगा. फरक कायम साडेतीन राहिला तर मी चूक.

जाता जाता, फ्लोट पितळी पोकळ असेल तर तोही बघा. बूस्टने चेपले जातात.

सावंतवाडी_०७

मजा येतेय वाचायला, पण आरटीओच्या नोंदीत हा टर्बो आहे का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. पकडण्याचं राहू द्या, काही झालं तर विमा कंपनी पहिलं तेच विचारेल.

आंबेवाला_देवगड

कलम ५२ माहीत आहे, त्यावर आज गप्प बसतो.

चीफसाहेब, साष्टांग. रविवारी पहाटे साडेपाचला घाटात गेलो, एसटी सुरू व्हायच्या आत.

रेग्युलेटरवर निपल आहे. नळीही होती. बाहेरून काळीभोर, नवीकोरी दिसणारी. ब्रॅकेटच्या मागे जिथे वळते तिथे बोटाने दाबली तर फणसाच्या वाळलेल्या सालीसारखी कडकन फुटली. आतून केव्हाचीच चिरलेली. करवीरभाऊ म्हणाले तेच, कडक झालेली.

ती बदलायच्या आधी मुद्दाम एक फेरी मारली. आयडलला पेट्रोल ३.५. पाय दाबला, बूस्ट ६ वर, आणि पेट्रोलचा काटा ५ वर. भाचा ओरडला, "मामा, उलटा फरक आहे!" सहाव्या सेकंदाला तेच, १३.

नळी नवी घातली. आता काटा ७ वर गेला आणि तिथेच चिकटला. पंपावर छापलंय तेवढंच. लीन व्हायला या वेळी दहा सेकंद लागले. म्हणजे थोडं पेट्रोल शिरत होतं, पुरत नव्हतं.

मग आठवडाभर थांबून १५ पीएसआयचा पंप आणला. (जुना पंप ज्याने विकला होता तो म्हणाला, "पंप पंपासारखा पंप". त्याच्याकडून काहीही घेणार नाही.) रेग्युलेटर परत ३.५ वर लावला. बूस्टमध्ये काटा साडेनऊवर, वीस सेकंद धरून ठेवला तरी हलेना. मिक्श्चर ११.२ वर सरळ रेष. ते जास्तच रिच, म्हणून मोठा जेट काढून मूळचा घातला. आता पायथ्याशी लॅम्डा ०.८०, वर दाजीपूरजवळ ०.७८. उंचीवर हवा पातळ म्हणून तेवढं रिच होणारच, ते चालेल. धूर गेला.

फ्लोट प्लास्टिकचा निघाला. वाचलो.

आणि काका, तुमच्या शब्दाखातर प्लग काढला. चारही प्लग सारखेच, फिकट राखाडी, काही म्हणता काही कळेना. तिसऱ्याच्या पोर्सलिनवर मात्र ॲल्युमिनियमचे दोन बारीक मणी चिकटलेले होते. गॅस्केट बदलताना प्लग नवे घातले नव्हते, म्हणजे हे मणी खाचेच्या वेळचेच असणार. तेव्हा मी प्लग पुसून परत लावले होते, बघितलं नव्हतं.

जुनो_फिटर

बघ! प्लगान सांगितलेला, तुया ऐकूक नाय.

तो जुनो ७ चो पंप टाकून दिव नको. माझ्या मारुती आठशेक लागतलो. कणकवलीक येशीत तेव्हा घेऊन ये.