मदत हवी आहे: आईला एकाच दिवसात सिंधुदुर्ग किल्ला आणि सावंतवाडीचा राजवाडा दाखवायचा आहे

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन कुडाळला मावशीकडे जाते आहे. त्यातला एक दिवस पूर्ण आईचा. सकाळी मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला आणि संध्याकाळी सावंतवाडीचा राजवाडा, एवढंच तिला हवं आहे. ती नऊ-दहा वर्षांची असताना आजोबांनी तिला एसटीने असंच नेलं होतं, आणि दिवेलागणीला दोघं परत सावंतवाडीच्या मोती तलावाच्या काठावर येऊन बसले होते. तिला तोच दिवस पुन्हा हवा आहे, म्हणून दोन दिवसांत विभागून जा असं कृपया सुचवू नका.

अडचण अशी, की आईचं वय ७३. उजवा गुडघा जुना दुखरा. सपाट रस्त्यावर काठी घेऊन अर्धा तास चालते. पायऱ्या चढते, पण उतरताना कुणाचा तरी हात लागतो.

गेल्या वर्षी एका सहल कंपनीबरोबर आलो होतो. विजयदुर्ग, कुणकेश्वर, मालवण, सावंतवाडी असं सगळं एका दिवसात बसवलेलं. मालवणच्या जेटीवर पोचलो तेव्हा ओहोटी होती, होडी खूप खाली गेलेली, आणि खालच्या पायऱ्यांवर शेवाळ. सोबतचा माणूस म्हणाला, "आजींनी इथेच थांबावं, आपल्याला वेळ नाही." मीही तिच्याबरोबर काठावर थांबले. पाऊण तास ती समोरच्या तटाकडे बघत बसली होती. तक्रारीचा शब्दही काढला नाही. राजवाड्यावर पोचलो तर बंद व्हायची वेळ झाली होती. तो दिवस माझ्या मनातून जात नाही.

आईला किल्ल्यात शिवराजेश्वराचं दर्शन घ्यायचं आहे. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेलं हे मंदिर, आत शिवाजी महाराजांची बैठी मूर्ती. तटावर चुन्यात उमटलेले हाताचे-पायाचे ठसे नाही बघता आले तरी चालेल, मंदिर मात्र हवंच. राजवाड्यात तिला गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, रंगवताना बघायचं आहे. तिच्या कुंकवाच्या करंड्यात एक गंजिफा अजून आहे, तिच्या आजीच्या संचातली. जुन्या रुपयाहून थोडी मोठी, गोल, तांबड्या जमिनीवर पाच मासे, म्हणजे दशावतारी संचातल्या मत्स्याची पंजी. कडेला अंगठा लागून लागून लाखेची चकाकी गेली आहे. दशावतारी संच म्हणजे दहा अवतारांचे प्रत्येकी बारा असे १२० पत्ते, त्यातला आमच्याकडे हा एकच उरला. तो ती सोबत आणणार आहे आणि तिथल्या कारागिरांना दाखवणार आहे.

तर मला विचारायचं आहे ते असं: होडीत चढायला-उतरायला तिला सोपं जाईल अशी वेळ कोणती? किल्ल्याच्या दरवाज्यापासून मंदिरापर्यंतची वाट तिला झेपेल का? आणि आधी किल्ला की आधी राजवाडा?

प्रतिसाद १

ताई, मी मालवणचाच. तुमच्या आईंना किल्ल्यात नक्की नेता येईल, काळजी करू नका.

सगळ्यात आधी भरती-सुकतीची वेळ बघा. पाणी भरलेलं असताना होडी पायरीच्या बरोबरीला येते, एक पाऊल टाकलं की आत. सुकतीला तीच होडी दोन-तीन पायऱ्या खाली जाते आणि उघड्या पडलेल्या पायऱ्या निसरड्या असतात. गेल्या वर्षी तुमचं नेमकं तिथेच चुकलं. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे जायच्या दिवसाची वेळ आदल्या संध्याकाळी जेटीवरच्या कुणा होडीवाल्याला विचारून घ्या. शनिवार-रविवार टाळा. नाताळच्या आठवड्यात तर येऊच नका, रांगेतच दिवस जाईल.

होडीवाल्याला आधीच सांगा, "आईचो पाय दुखता, सावकाश उतरय." आमची माणसं हात धरून उतरवतात. त्यांना मधल्या फळीवर बसवा. चपला मागे पट्टा असलेल्या हव्यात. होडी साधारण तासाभराने परत न्यायला येते, तुम्हाला जास्त वेळ लागणार हे निघतानाच बोलून घ्या.

दरवाजा गोमुखी आहे, तट वळून वळून आत जातो, अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत शिरल्यावर मंदिरापर्यंतची वाट बहुतेक सपाट आहे. मध्ये नारळपाणी, कोकम सरबत मिळतं, तिथे बसवा. पायऱ्या लागतात त्या ठसे बघायला आणि तटावर चढायला. तो तट जवळजवळ तीन किलोमीटरचा, कुरटे बेटाच्या ४८ एकरांभोवती फिरलेला, तिकडे त्यांना नेऊ नका. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी जमल्या तर दाखवा. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोडं, हे बघून म्हाताऱ्या माणसांना फार बरं वाटतं.

आणि एक. मोरयाचा धोंडा चुकवू नका. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी किल्ल्याचा मुहूर्त केला तेव्हा पूजा झाली ती जागा. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. तो मालवणच्या किनाऱ्यावरच आहे, होडी लागत नाही. समुद्र खवळलेला असला आणि होड्या बंद राहिल्या, तरी आईंचा दिवस फुकट जाणार नाही.

प्रतिसाद २

सावंतवाडीहून लिहिते आहे. राजवाडा आधी करा असं मी म्हणणार होते, पण तुमच्या आईंच्या आठवणीत संध्याकाळ इथली आहे, तर तसंच ठेवा. फक्त चारच्या आत पोचा. राजवाड्यात आदल्या दिवशी फोन करून उघडण्याची वेळ विचाराच, आणि कारागीर कामावर असतील ना तेही. कामाच्या वारी ते दरबार हॉलमध्ये रंगवत बसलेले असतात. ही कला मरायला टेकली होती, ती शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी राजवाड्यातच माणसं बसवून पुन्हा उभी केली. जुनी पंजी दाखवलीत तर ते काम बाजूला ठेवून बघतील.

दुपारी मालवणहून जेवून लगेच निघू नका. तासभर त्यांना आडवं होऊ द्या. चितारआळीतली लाकडी खेळणी बघायची असतील तर गाडी आळीच्या तोंडाशीच थांबवा.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. दादा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. मोरयाच्या धोंड्याचं वाचलं तेव्हा ती म्हणाली, "थंय बाबांनी माका खांद्यार घेतललो." हे तिने आजवर कधीच सांगितलं नव्हतं.

बुधवार ठरवते आहे. मावसभाऊ मंगळवारी मालवणला जाणार आहे, त्याच्याकडून भरतीची वेळ कळली की सकाळी निघायचं किती वाजता ते ठरेल. ताई, राजवाड्यात उद्याच फोन करते. पंजी ठेवायला लहान डबी आणली आहे, आत कापूस घालून.